भाकीत, करार आणि विश्वासूपण : ख्रिस्ती श्रद्धेचे एक आकलन

शिर्डीस येणाऱ्या भाविकांपैकी कित्येक जण नवस बोलण्यासाठी किंवा फेडण्यासाठी येतात. नवसाची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. मनुष्य प्रथम बोलतो, आपली इच्छा सांगतो आणि ती पूर्ण झाल्यास अमुक करीन असा शब्द देतो. शब्द मनुष्याचा आणि तो पाळण्याचे ओझेही मनुष्याचेच. शिर्डीच्या आग्नेयेस, श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे दर सप्टेंबर महिन्यात मतमाउलीची यात्रा भरते. तेथे जमणाऱ्या ख्रिस्ती समुदायातही नवसाची ही रीत आढळते. परंतु ज्या ग्रंथावर त्या समुदायाची श्रद्धा उभी आहे, त्या ग्रंथातील मूळ कल्पना नवसाच्या नेमकी उलट आहे. तेथे प्रथम ईश्वर बोलतो, प्रथम ईश्वर शब्द देतो, आणि तो शब्द पाळला जातो की नाही हाच त्या साऱ्या ग्रंथाचा प्रश्न आहे.

ईश्वराचे अस्तित्व न मानणाऱ्या आम्हां बौद्धांनी या प्रश्नात का शिरावे, अशी शंका काही वाचक घेतील. त्यास आमचे उत्तर दुहेरी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत १८१३ साली आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे १८३१ साली सुरू झाले. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर या जिल्ह्यातील महार व मांग समाजांतील अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे १९५६ साली त्यांच्याच आप्तांपैकी अनेकांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला. त्यामुळे या भागात एकाच कुळाची एक शाखा ख्रिस्ती व दुसरी बौद्ध असणे नवलाचे नाही. आपल्याच भाऊबंदांच्या श्रद्धेविषयी अज्ञानी राहणे आम्हांस शोभणारे नाही, हे पहिले उत्तर. दुसरे असे की, पूज्य बाबासाहेबांनी धर्मांतरापूर्वी इतर धर्मांचा कसून अभ्यास केला होता. १९४१ साली त्यांनी मोशे या इस्राएली नेत्यावर इंग्रजीत स्वतंत्र लेख लिहिला. न वाचता नाकारणे ही त्यांची पद्धत नव्हती.

संदेष्टा म्हणजे ज्योतिषी नव्हे

‘भाकीत’ हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे पंचांग व कुंडली उभी राहते. जुन्या मराठी बायबलातील ‘भविष्यवादी’ या शब्दाने हा गैरसमज अधिकच दृढ केला असावा. पुढील भाषांतरांत त्याऐवजी ‘संदेष्टा’ हा शब्द आला, आणि तो अधिक योग्य होय. मूळ हिब्रू शब्द ‘नाबी’ असा आहे. ज्याला बोलावणे आले आहे व जो दुसऱ्याच्या वतीने बोलतो, असा त्याचा आशय सांगितला जातो. मोशेच्या नियमशास्त्रात शकुन पाहणारे व मांत्रिक यांना तर स्पष्ट मनाई आहे. ब्रह्मजाल सुत्तात भगवान बुद्धांनी ग्रहणे, उल्का व शकुन यांवरून भविष्य सांगून पोट भरण्यास हीन विद्या म्हटले आहे, याचे येथे स्मरण होते.

मग संदेष्टा काय सांगतो? तो समाजाला त्याच्या वागणुकीचा परिणाम सांगतो. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात आमोस नावाचा मेंढपाळ उत्तरेकडील इस्राएलच्या राज्यात उभा राहिला. खोटी मापे वापरणारे व्यापारी, जोड्याच्या मोलाने गरिबाला विकत घेणारे धनिक आणि अन्याय झाकण्यासाठी थाटाने चाललेले यज्ञ व सण यांवर त्याने प्रहार केला. राज्य लयास जाईल हे त्याचे भाकीत या आरोपपत्राचा शेवट होते. इसवी सनापूर्वी ७२२ च्या सुमारास अश्शूरी साम्राज्याने ते राज्य नष्ट केले.

भाकीत हे अटळ विधिलिखित नसते, हे योनाच्या कथेवरून ध्यानात येते. निनवे नगर चाळीस दिवसांत उलथून पडेल असे त्याने घोषित केले. नगरवासीयांनी पश्चात्ताप केला, दुराचार सोडला आणि नगर वाचले. आपले भाकीत खोटे ठरले म्हणून योना रुसून बसला. ग्रंथकर्त्याची सहानुभूती मात्र योनाकडे नसून वाचलेल्या माणसांकडे आहे. माणसे सुधारल्यामुळे जे भाकीत फळास येत नाही, ते अयशस्वी झाले असे तेथे मानलेले नाही.

करार आणि ‘आमेन’

आता विश्वासूपणाकडे वळू. बायबलाच्या दोन्ही भागांची नावेच ‘जुना करार’ व ‘नवा करार’ अशी आहेत. उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात अब्राहामाशी झालेल्या कराराचा विधी आहे. त्या काळी करार करणारे कापलेल्या पशूंच्या दोन भागांमधून चालत जात. शब्द मोडल्यास आपलीही अशीच गत होवो, असा त्याचा अर्थ होता. या प्रसंगी मात्र अब्राहाम गाढ झोपेत असतो आणि ईश्वराचे प्रतीक असलेली ज्वाला तेवढी त्या भागांमधून जाते. शब्द मोडण्याची जोखीम ईश्वर एकट्याने आपल्यावर घेतो. नवसाशी असलेला भेद येथे पूर्णपणे स्पष्ट होतो.

ईश्वराच्या या निष्ठेसाठी हिब्रूत ‘हेसेद’ व ‘एमुना’ असे शब्द आहेत. पहिल्यात कराराशी एकनिष्ठ असलेली ममता आहे, तर दुसऱ्यात स्थिरता, भार टाकता येईल असा भक्कमपणा. ख्रिस्ती घरांत प्रार्थनेच्या शेवटी उच्चारला जाणारा ‘आमेन’ हा शब्द याच दुसऱ्या शब्दाच्या धातूपासून आला आहे. हे पक्के आहे, हे तसेच होवो, असा त्याचा भाव.

परंतु शब्द पक्का आहे हे कसे ओळखावे? यिर्मयाच्या पुस्तकातील एक प्रसंग या दृष्टीने फार मोलाचा आहे. इसवी सनापूर्वी ५९७ साली बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम जिंकून अनेकांना बंदिवासात नेले. काही वर्षांनी हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात जाहीर केले की, दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल आणि सर्व जण परत येतील. यिर्मया तेथेच लाकडी जू मानेवर घेऊन उभा होता. तो प्रथम म्हणाला, ‘आमेन’. तसे घडले तर त्यालाही हवेच होते. परंतु हे सत्य नाही हे त्याला ठाऊक होते. हनन्याने ते जू मोडून टाकले, तेव्हा लाकडाच्या जागी आता लोखंडाचे जू येईल, असे यिर्मयाने सांगितले. बंदिवानांना त्याने पत्र लिहिले, तेही वेगळेच. घरे बांधा, बागा लावा, लग्ने करा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्या नगराचे हित साधा. सुटका होईल, परंतु सत्तर वर्षांनी, असा त्याचा आशय होता.

इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास यरुशलेम व मंदिर उद्ध्वस्त झाले. ५३९ साली इराणच्या कोरेश राजाने बाबेल घेतले आणि बंदिवानांना परतण्याची मोकळीक मिळाली. नवे मंदिर ५१५ च्या सुमारास पूर्ण झाले. मंदिराच्या नाशापासून त्याच्या पुनर्बांधणीपर्यंतचा काळ सत्तर वर्षांच्या जवळ येतो. काही अभ्यासक ही संख्या एका आयुष्याची निदर्शक मानतात. हिशेब कसाही मांडला तरी मुद्दा बदलत नाही. हनन्याचे भाकीत कानांना गोड होते. यिर्मयाचे भाकीत ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना सुटका दिसणारच नव्हती. विश्वासूपण म्हणजे तात्काळ फळ नव्हे, ही शिकवण या पराभवातून त्या लोकांनी घेतली. याच यिर्मयाने मोडलेल्या कराराच्या जागी अंतःकरणावर लिहिलेल्या नव्या कराराची कल्पना मांडली, आणि ‘नवा करार’ हे नाव तेथूनच आले.

ख्रिस्ती अर्थ आणि त्यावरील आक्षेप

ख्रिस्ती दृष्टीने ही सर्व अभिवचने येशूमध्ये पूर्णत्वास जातात. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच्या चरित्रातील घटनांना पूर्वीच्या संदेष्ट्यांच्या वचनांचा आधार पुनःपुन्हा दिला आहे. यशयाच्या ५३ व्या अध्यायातील तिरस्कृत व दुःखी सेवक म्हणजे येशूच, असे ख्रिस्ती जन मानतात. यहुदी परंपरा त्या सेवकात बहुधा इस्राएल राष्ट्र पाहते. १९४७ पासून मृत समुद्राजवळील कुमरान येथे सापडलेल्या गुंडाळ्यांत यशयाचे संपूर्ण पुस्तक मिळाले. ती प्रत येशूच्या जन्मापूर्वी सुमारे शंभर वर्षे किंवा त्याहून आधीची असल्याने ही वचने मागाहून घुसडली, असे म्हणता येत नाही. मात्र वचन जुने असणे आणि ते विशिष्ट व्यक्तीविषयीच असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. उदाहरणार्थ, यशयाच्या ७ व्या अध्यायातील बालकाचे चिन्ह आहाज राजाला त्याच्याच काळातील संकटासंबंधी दिलेले आहे. तेथील हिब्रू शब्दाचा अर्थ तरुण स्त्री असा असून ‘कुमारी’ हा अर्थ ग्रीक भाषांतरातून ठळक झाला. यावर अनेक ख्रिस्ती विद्वान असे उत्तर देतात की, ‘पूर्ण होणे’ म्हणजे केवळ सांगितलेले घडणे नव्हे. जुन्या वचनाला त्याहून मोठा आशय लाभणे होय. हे उत्तर प्रत्येकाने आपल्या बुद्धीने तपासावे.

याहून मोठा आक्षेप मात्र आमच्याच भूमीतला आहे. अस्पृश्यांतून ख्रिस्ती झालेल्यांच्या स्थितीची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी असा मुद्दा मांडला की, आपल्या दुःखाचे मूळ स्वतःच्या पापात आहे असे शिकवले गेल्याने धर्मांतरिताची समाजस्थिती बदलण्याची प्रेरणाच मंदावते. जात चर्चच्या दारापाशी थांबली नाही, हेही त्यांनी दाखवून दिले. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध करताना जातिभेद चर्चमध्ये असल्याचे मान्य केले व त्यास पाप म्हटले. आमोसाच्या कसोटीवर पाहिले तर हा करारभंगच होय. ईश्वर विश्वासू आहे असे गाणारी मंडळी आपल्याच भावाशी विश्वासू नसेल, तर संदेष्ट्यांचा पहिला शब्द तिच्याविरुद्ध जातो. हे आम्ही बाहेरून लादत नाही. त्यांचाच ग्रंथ तसे सांगतो.

राज्यसंस्थेच्या शब्दाचेही तसेच आहे. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांचा व १९९० मध्ये बौद्धांचा त्यांत समावेश झाला. आम्हांस धर्मांतरानंतर चौतीस वर्षे थांबावे लागले. ख्रिस्ती भाऊबंदांचा प्रश्न त्यानंतरही अनुत्तरित राहिला, आणि त्याच्या विचारासाठी २०२२ साली न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. जातीचा जाच ज्याला सोसावा लागतो त्याची प्रार्थना कोणत्या घरात चालते, हे पाहून न्याय मोजला जाऊ नये, असे आमचे मत आहे.

भेद आणि साम्य

बौद्ध व ख्रिस्ती विचारांतील भेद झाकण्यात अर्थ नाही. ख्रिस्ती मनुष्य वचन देणाऱ्यावर भार टाकतो. तथागतांनी स्वतःस मोक्षदाता म्हटले नाही; मार्ग दाखवला आणि स्वतःच स्वतःचा दीप होण्यास सांगितले. वीमंसक सुत्तात तर तथागतांचीही परीक्षा करावी, अशी अनुज्ञा आहे. परीक्षेनंतर येणारी श्रद्धाच तेथे दृढ मानली आहे. आमच्याही ग्रंथांत मैत्रेय बुद्धाच्या आगमनाचे भाकीत आहे, परंतु धम्माचे आचरण त्याच्या प्रतीक्षेवर अवलंबून नाही.

तथापि एका गोष्टीत दोन्ही मार्गांचे प्रवासी परस्परांस ओळखू शकतील. शिर्डीहून उत्तरेस निघून कोपरगाव ओलांडले की येवला लागते. तेथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असा शब्द दिला. तो शब्द १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात पाळला गेला. मध्ये एकवीस वर्षे गेली. हे आकाशवाणीतून आलेले भाकीत नव्हते. एका मनुष्याने विचारपूर्वक दिलेले व अभ्यासाने, कष्टाने पूर्ण केलेले वचन होते. येवल्याच्या सभेतील काही श्रोते नागपूरचा दिवस पाहण्यास उरले नसतील. यिर्मयाचे पत्र वाचून बाबेलच्या मातीत बागा लावणाऱ्यांपैकीही बहुतेक जण यरुशलेमास परतले नाहीत. तरीही त्यांनी झाडे लावली. पुढच्या वेळी ख्रिस्ती आप्ताच्या घरी ‘आमेन’ कानी पडेल, तेव्हा त्यामागे ही दीर्घ प्रतीक्षा आहे, एवढे आपल्या ध्यानात असावे.