उष्ण हवामानातील महाविद्यालयीन उद्यान : शोभिवंत वनस्पतींची निवड व संगोपन

प्रस्तावना :
महाविद्यालयाच्या प्रांगणातील उद्यान ही केवळ शोभेची बाब नसून शैक्षणिक वातावरणाचा एक घटक होय. तथापि विदर्भ व मराठवाड्यात जून-जुलैमध्ये समारंभपूर्वक लावलेली अनेक रोपे पुढील मे महिन्यात वाळलेली आढळतात. याचे कारण केवळ दुर्लक्ष नव्हे. या काळात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, पाण्याचे स्रोत आटतात आणि नेमका तेव्हाच सुट्टीमुळे परिसर ओस पडतो. म्हणून वनस्पती हिवाळ्यात किती फुलते यापेक्षा ती मे महिना कसा काढते, हा निकष प्रथम लावला पाहिजे. प्रस्तुत लेखात याच निकषाच्या आधारे विवेचन केले आहे.

वनस्पतींची निवड :
या निकषावर उतरणाऱ्या वनस्पतींत बोगनवेल अग्रस्थानी येते. तिची फुले म्हणून ओळखले जाणारे रंगीत भाग वस्तुतः छद, म्हणजे फुलांभोवतीची रूपांतरित पाने होत. पाणी अधिक दिल्यास तिची पानेच वाढतात. काहीसा ताण व भरपूर ऊन मिळाल्यास ती बहरते. चाफा आपल्या मांसल खोडात पाणी साठवितो. कण्हेरीची पर्णरंध्रे पानाच्या खालच्या बाजूस केसाळ खळग्यांत असल्याने बाष्पोत्सर्जन मर्यादित राहते. मात्र कण्हेरीचे सर्व भाग विषारी असल्याने ती बालकांच्या वावरापासून दूर लावावी. वाफ्यांसाठी मूळची मादागास्करची सदाफुली उपयुक्त ठरते.

वृक्षांमध्ये बहावा ऐन उन्हाळ्यात पिवळ्याधमक घोसांनी फुलतो. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प असले, तरी हा वृक्ष नैसर्गिकरीत्या ओलसर जागी व नदीकाठी वाढणारा आहे. केवळ त्याच्या मानामुळे तो कोरड्या माळावर लावणे योग्य नव्हे. मोगऱ्यालाही बहराच्या काळात पाणी लागते. म्हणून तो नळाजवळ मोजक्या संख्येत लावावा. हिवाळ्याच्या अखेरीस पाणी तोडून व छाटणी करून नवी फूट आली की उन्हाळ्यात त्याला बहर येतो.

हिरवळीचा प्रश्न :
उद्यान म्हणजे हिरवळ, असा समज दृढ आहे. एक चौरस मीटर जागेस १ मिलिमीटर पाणी देणे म्हणजे १ लिटर पाणी देणे होय. १०० चौरस मीटर हिरवळीस दररोज ५ मिलिमीटर पाणी द्यावयाचे ठरविल्यास रोज ५०० लिटर, तर एप्रिल-मेच्या ६१ दिवसांत ३०,५०० लिटर पाणी खर्ची पडेल. एका दिवसाच्या याच पाण्यात २५ झुडपांना प्रत्येकी २० लिटर पाणी देता येते. परिसरातील गावांना टँकरची प्रतीक्षा करावी लागत असताना हा हिशेब महाविद्यालयाने स्वतःपुढे मांडणे आवश्यक आहे. हिरवळ हवीच असल्यास हरळी निवडावी. ती उन्हाळ्यात वाळल्यासारखी दिसली, तरी पहिल्या पावसानंतर पुन्हा फुटते.

संगोपन :
काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात, तर उन्हाळ्यात भेगा पडून ती तुटतात. म्हणून खड्डे उन्हाळ्यातच खोदून तापू द्यावेत, माती व शेणखताने भरावेत आणि रोप भोवतालच्या जमिनीपेक्षा किंचित उंचावर लावावे. रोपवाटिकेत जाळीच्या सावलीत वाढलेले रोप आणताच कडक उन्हात लावल्यास पाने करपतात. त्यास काही दिवस टप्प्याटप्प्याने उन्हाची सवय करावी. रोज थोडे पाणी शिंपडल्यास मुळे वरच्या थरातच राहतात. त्याऐवजी रोप रुजल्यानंतर दिवसांचे अंतर ठेवून, पण भरपूर पाणी द्यावे. त्यामुळे मुळे खोल जातात. पाणी सकाळी लवकर अथवा सायंकाळी देणे हितकारक होय. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन केल्यास बाष्पीभवन घटते. झाडलोटीनंतर जाळला जाणारा पाचोळा याच कामी यावा.

निष्कर्ष :
उष्ण प्रदेशातील उद्यानाचे यश लावलेल्या रोपांच्या संख्येवर नव्हे, तर उन्हाळा पार केलेल्या रोपांच्या संख्येवर मोजले पाहिजे. वनस्पतिशास्त्र विभागाने दरवर्षी जूनच्या प्रारंभी जिवंत रोपांची जातिनिहाय नोंद ठेवल्यास पुढील लागवडीस खात्रीचा आधार मिळेल. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही नोंद म्हणजे परिसंस्थेच्या अभ्यासाचा प्रत्यक्ष पाठच ठरेल.