सरकती सरासरी, एकाच प्रश्नात

दसऱ्याला पुण्यात झेंडूची विक्री एकदम चढते आणि लगेच उतरते. अशा उड्यांमागचा कल पाहण्यासाठी दररोज मागील सात दिवसांची सरासरी काढतात. तीच सरकती सरासरी. समजा, मंडईतील एका फूलवाल्याने दसऱ्यापर्यंतच्या सात दिवसांत २०, २२, १९, २१, १८, ४०, ७० किलो झेंडू विकला. बेरीज २१०, सरासरी ३०. आठव्या दिवशी २७ किलो. सातही आकडे पुन्हा कशाला मिळवायचे? २१० मधून जुने २० काढा, २७ घाला: २१७, सरासरी ३१. गंमत पाहा, विक्री ७० वरून २७ वर घसरली तरी सरासरी चढली! बाहेर पडलेला आकडा २७ पेक्षा लहान होता ना.

वर्षभरासाठी डेटाबेसला ३६५ वेगळे प्रश्न विचारणे म्हणजे तीच वही ३६५ वेळा चाळणे. एस्क्यूएल भाषेच्या २००३ च्या प्रमाण आवृत्तीत यासाठी 'ओव्हर' हा शब्द आहे. तारखेचा क्रम आणि 'ही ओळ व आधीच्या सहा ओळी' एवढी खिडकी सांगितली, की एकाच प्रश्नात सगळ्या सरासऱ्या मिळतात.

पण ही खिडकी ओळी मोजते, दिवस नव्हे. दुकान बंद असलेल्या दिवसाची ओळच नसेल, तर सात ओळींत आठ दिवस येतात. तेव्हा त्या दिवसाची शून्य विक्रीची ओळ आधी घालावी. पहिल्या सहा दिवसांच्या सरासऱ्याही अपुऱ्याच. त्या आलेखात घेऊ नयेत.