यंत्राचा सल्ला

सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकास खंडाळा तालुका आहे. त्याच्या सीमेवरून नीरा नदी पूर्वेकडे वाहत जाते. कालव्याचे पाणी मिळते तेथे ऊस पिकतो. इतरत्र शेतकऱ्याची दृष्टी आभाळाकडे लागलेली असते. अशा मुलखात पिकाला पाणी केव्हा व किती द्यावे, हा मोठा प्रश्न असतो. अनुभवी शेतकरी मूठभर माती दाबून व पिकाची पाने न्याहाळून त्याचे उत्तर शोधीत आला आहे. आता त्याच्या मदतीस कृत्रिम बुद्धिमत्ता येऊ लागली आहे.

नीरेच्याच कालव्यावर ऊस पिकविणाऱ्या बारामती भागात तेथील कृषी विज्ञान केंद्राने हा प्रयोग केला आहे. शेतात पुरलेली उपकरणे मातीतील ओलावा व उष्णता मोजतात. हवामान केंद्र पाऊस, वारा व आर्द्रता यांची नोंद घेते. उपग्रह आकाशातून पिकाची छायाचित्रे टिपतो. ही माहिती संगणक पूर्वीच्या असंख्य नोंदींशी ताडून पाहतो व अंदाज बांधतो. मग पाणी, खत व कीड यांविषयीचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. 2025 साली महाराष्ट्र शासनानेही शेतीतील अशा वापरासाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले.

परंतु यंत्राची बुद्धी नोंदींवर पोसलेली असते. नोंदी अपुऱ्या वा सदोष असतील, तर सल्लाही चुकतो. ‘आज पाणी द्या’ असे यंत्र सांगेल; पण कालव्याची पाळी आठ दिवसांनी असेल, तर मार्ग शेतकऱ्यालाच काढावा लागतो. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो. एवढ्या काळाचे श्रम वाया गेले, तर ती झळ यंत्राला लागत नाही. शेतकऱ्याच्या घराला लागते. म्हणून सल्ला यंत्राचा असला, तरी निर्णय माणसाचाच असला पाहिजे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही साधने केवळ सधनांनाच परवडली, तर लहान शेतकरी मागे पडेल. ज्या सावित्रीबाई फुले यांनी 1848 साली पुण्यात मुलींना विद्या देण्याचे कार्य आरंभिले, त्यांचा जन्म याच खंडाळा तालुक्यातील नायगाव येथे 1831 साली झाला. मूठभरांच्या हाती असलेले ज्ञान सर्वांपर्यंत गेले, तरच समाज पुढे जातो, हे त्यांच्या कार्याने दाखविले. नवे यंत्रही लहानमोठ्या साऱ्यांच्या बांधापर्यंत पोहोचले आणि त्याचा सल्ला पारखून घेण्याइतके शिक्षण प्रत्येकास मिळाले, तरच ते समाजाला खरे उपकारक ठरेल.