पाचशे बाराचा हट्ट

ग्रीनलँड शार्कचं वय 'सायन्स'मध्ये छापून आलं ऑगस्ट २०१६ मध्ये. त्याला दहा वर्षं होत आली, आणि '५१२ वर्षांचा शार्क' हा मजकूर अजून अधूनमधून फोनवर येऊन आदळतो.

त्याआधीचा काळ चार ओळींत उरकण्यासारखा. यकृताच्या तेलापायी उत्तर अटलांटिकात हे मासे दशकानुदशकं मारले गेले. ताजं मांस विषारी, म्हणून आइसलँडवासी ते आंबवून, वाळवून खातात. १९३६ साली खूण लावून सोडलेला एक शार्क १९५२ मध्ये पुन्हा हाती लागला. सोळा वर्षांत तो वाढला होता आठ सेंटिमीटर! तेव्हाच कुणाला तरी घाम फुटायला हवा होता.

२०१६ साली मी एका दैनिकाचं विज्ञानाचं पान पाहत होतो. वयाचा छडा लावला तो कोपनहेगनच्या ज्युलियस नील्सन आणि सहकाऱ्यांनी. या शार्कच्या मऊ मणक्यांवर वय मोजण्याजोगी वलयं नसतात. पण डोळ्याच्या भिंगाचा गाभा जन्माआधीच घडतो आणि मग बदलत नाही. त्यातल्या किरणोत्सारी कार्बनवरून २८ माद्यांची वयं काढली. पाच मीटरची सर्वांत मोठी मादी अंदाजे ३९२ वर्षांची, १२० वर्षं इकडेतिकडे. म्हणजे २७२ ते ५१२. मधला आकडा धरला तरी तिचा जन्म शिवजन्माआधीचा. आणखी काय हवं होतं?

पण पुढच्याच वर्षी जगभर ५१२ची आवई उठली. मी 'किमान २७२' लिहून दिलं. वरिष्ठांनी ते खोडून ५१२ केलं; वाचकाला मोठा आकडा लागतो म्हणे. त्याच शोधनिबंधातली खरी बातमी, या माद्या वयात यायलाच सुमारे दीडशे वर्षं लागतात ही, जागेअभावी कापली गेली. काही काळाने पानच गेलं. तिथे आता राशिभविष्य असतं.

२०२०मध्ये या शार्कची नोंद 'असुरक्षित' प्रजातींत झाली. २०२२मध्ये वायव्य अटलांटिकच्या आंतरराष्ट्रीय पाण्यात सापडलेला शार्क ठेवून घ्यायला बंदी आली. दोन्हींचा मजकूर माझ्या फोनवर कुणी पाठवला नाही. हॅलिबट आणि कोळंबीसाठी टाकलेल्या जाळ्यांत मात्र हे शार्क अजूनही अडकतात. आज मारलेल्या मादीची जागा घ्यायला दीड शतक लागणार, हे साधं गणित. पण त्यात ५१२ येत नाही, म्हणून ते कुणी पुढे पाठवत नाही.