हेल्मेटची ‘काच’

फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँजवळचा शारादचा ट्रॅक विझलेल्या ज्वालामुखीच्या डोंगरांतून वळणं घेत जायचा. कडेला काळ्या दगडांची खडी. पुढच्या गाडीचं चाक जरा कडेला घसरलं की मागच्या ड्रायव्हरवर दगडांचा मारा ठरलेला. जुलै १९७२मध्ये फॉर्म्युला वन शर्यतीत असाच एक दगड हेल्मुट मार्को यांच्या हेल्मेटची काच भेदून डाव्या डोळ्यात घुसला. आदल्याच वर्षी ल माँची २४ तासांची शर्यत जिंकलेल्या या ऑस्ट्रियन ड्रायव्हरची कारकीर्द तिथेच संपली.

एवढासा दगड एवढा घात कसा करतो? हिशेब मांडून पाहा. खडा २० ग्रॅमचा, आणि त्याचा नि गाडीचा मिळून वेग ताशी २०० किलोमीटर. धडकेची ऊर्जा येते सुमारे ३१ ज्यूल. क्रिकेटचा चेंडू सहा-सात मजली इमारतीच्या गच्चीवरून पडला तर साधारण एवढाच दणका देईल. पण चेंडूचा मार पसरतो, खड्याचा सगळा मार नखाएवढ्या टोकावर एकवटतो. शिवाय वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते.

आपण सवयीनं ‘काच’ म्हणतो, पण आजचा व्हायझर पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकचा असतो. काच वाकत नाही, म्हणून तडकते. पॉलिकार्बोनेटच्या लांबलचक रेणूसाखळ्या मात्र फटका बसताच एकमेकींवरून सरकतात. पत्रा वाकतो, ताणला जातो आणि त्यातच बरीचशी ऊर्जा जिरते. हाच पदार्थ ओरखड्यांना मात्र फार हळवा. म्हणून त्यावर कडक लेप देतात. पेट्रोल किंवा थिनरचा बोळा फिरवलात, तर केसाएवढ्या भेगा पडून तो आतून कमकुवत होतो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडकं, बस्स. शर्यतीत पुसायला सवड नसते. म्हणून व्हायझरवर पारदर्शक पातळ पापुद्रे चढवलेले असतात. तेल, किडे, धूळ बसली की ड्रायव्हर वरचा पापुद्रा ओढून काढतो आणि समोरचा रस्ता पुन्हा लख्ख होतो.

व्हायझर कितीही चिवट असला तरी त्याच्या कडेला धोका उरतोच. २५ जुलै २००९ला हंगेरीत फॉर्म्युला वन ड्रायव्हर रुबेन्स बारिकेलोच्या गाडीतून निखळलेली स्प्रिंग मागून येणाऱ्या फेलिपे मासाच्या हेल्मेटवर, डाव्या डोळ्याच्या वर आदळली. स्प्रिंगचं वजन किलोपेक्षा थोडं कमी, मासाच्या गाडीचा वेग ताशी अडीचशेच्या वर. वरच्या खड्याच्या साठपट ऊर्जा! कवटीला इजा झाली, पण तो वाचला आणि पुढच्या वर्षी ट्रॅकवर परतला. मार बसला होता हेल्मेट आणि व्हायझरच्या सांध्यापाशी. २०११पासून त्या सांध्यावर झायलॉन या चिवट धाग्याची पट्टी आली. २०१८च्या नव्या मानकात हेल्मेटच्या खिडकीची वरची कड १० मिलिमीटरनं खाली आणली गेली.

चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर हौसेनं जाणाऱ्यांना यातलं एक मनापासून सांगावंसं वाटतं. फेऱ्या संपवून सावकाश पिटकडे, म्हणजे गाड्या थांबायच्या जागेकडे वळताना उकाड्यानं जीव नकोसा होतो, हात आपसूक काच वर सारायला जातो. नेमकी तेव्हाच शेजारून दुसरी गाडी पूर्ण वेगात कडेची खडी उडवत जात असते. गाडी पिटमध्ये उभी राहीपर्यंत काच खालीच असू द्या.