प्रतिभा आणि विजेचा प्रवाह

रात्रीं उशिरापर्यंत डोकें खाजवूनहि न सुटलेलें कोडें सकाळीं स्नान करतांना अवचित सुटावें, हा अनुभव आपल्यापैकीं पुष्कळांना असेल. रात्रभरांत आपलें ज्ञान वाढलेलें नसतें. एका चुकीच्या विचाराची मनावरील पकड तेवढी सुटलेली असते. डोक्याला विजेच्या तारा लावून ही पकड हवी तेव्हां सैल करतां येईल काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मेंदू आणि वीज म्हटलें कीं मनोरुग्णालयांतील झटका डोळ्यांपुढें उभा राहतो. सेर्लेत्ती व बिनी यांनीं रोम येथें १९३८ सालीं सुरू केलेल्या त्या उपचारांत शेंकडों मिलिअँपिअरचा प्रवाह आंचके आणण्यासाठींच सोडतात. आपला विषय त्याहून अगदीं निराळा आहे. येथें मिठाच्या पाण्यांत भिजविलेल्या स्पंजाच्या दोन चकत्या डोक्यावर बांधून, बॅटरीवर चालणाऱ्या लहानशा यंत्रांतून एक-दोन मिलिअँपिअरचा प्रवाह दहा-वीस मिनिटें देतात. त्वचेला थोडेंसें चुणचुणतें, इतकेंच. एवढ्याशा प्रवाहानें मज्जापेशी आपण होऊन कार्यप्रवृत्त होत नाहींत. मात्र त्यांची तत्परता बदलते. धनाग्राखालीं ती बहुधा वाढते, ऋणाग्राखालीं घटते. गॉटिंगेन येथील निट्शे व पाउलुस यांनीं २००० सालीं हाताच्या स्नायूंच्या प्रतिसादावरून हें दाखवून दिलें.

मग प्रतिभेचें काय? सिडनी विद्यापीठांतील ची व स्नायडर यांनीं २०११ सालीं आगकाड्यांच्या कोड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काड्यांनीं रोमन आंकड्यांतील चुकीचें समीकरण मांडावयाचें आणि एकच काडी हलवून तें बरोबर करावयास सांगावयाचें. एकाच युक्तीनें सुटणारीं पुष्कळ कोडीं आधीं सोडविलीं कीं मनाला चाकोरी पडते. मग ‘तीन बरोबर तीन अधिक तीन’ असें कांहीं समोर आलें, कीं आपण आंकड्यांशींच झगडत बसतों. वास्तविक अधिक चिन्हांतील उभी काडी आडवी ठेवली, कीं ‘तीन बरोबर तीन बरोबर तीन’ होऊन काम भागतें! ज्यांना यंत्र लावल्याचा नुसता देखावा केला होता, त्यांच्यापैकीं नव्या जातीचें कोडें शेंकडा २० जणांनाच सुटलें. ज्यांच्या मेंदूच्या डाव्या कानशिलाकडील भागाची तत्परता घटवून उजव्याची वाढविली, त्यांच्यांत हेंच प्रमाण शेंकडा ६० झालें. डावा भाग परिचित सांचा घट्ट धरून ठेवतो. तो मंदावला कीं दृष्टि मोकळी होते, असा प्रयोगकर्त्यांचा तर्क आहे.

परंतु लगेच हुरळून जाण्याचें कारण नाहीं. या प्रयोगांत सारीं मिळून साठच माणसें होतीं. २०१५ सालीं हॉर्वाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एकाच बैठकींतील अशा अनेक प्रयोगांची छाननी केली, तेव्हां विचारशक्तीवर भरंवशाचा परिणाम त्यांना आढळला नाहीं. डोक्यावर दिलेल्या प्रवाहाचा सुमारें तीन चतुर्थांश भाग त्वचा आणि कवटी यांतच खर्ची पडतो, असेंहि २०१८ च्या एका संशोधनांत दिसून आलें.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ऑक्सफर्ड येथें २०१३ सालीं झालेल्या प्रयोगांत मेंदूच्या एका भागाला प्रवाह दिला असतां नवीं अंकचिन्हें लवकर शिकतां आलीं, पण शिकलेलें सहजपणें वापरण्याची शक्ति मंदावली. दुसऱ्या भागाला दिला असतां नेमकें उलट घडलें. म्हणजे एका हातानें मिळालें तें दुसऱ्या हातानें द्यावें लागलें! कोडें सोडवितांना जी चाकोरी आड येते, तिच्याच आधारानें आपण वाचतों, हिशेब करतों, रहदारींतून सुखरूप घरीं येतों. असलीं यंत्रें घरीं वापरणारांना २०१६ सालीं ३९ संशोधकांनीं जाहीर पत्रानें सावध केलें, त्याचें एक कारण हेंच होतें. परीक्षेच्या दिवसांत मुलांच्या डोक्याला तारा लावण्याचा मोह कोणा पालकास झाला, तर त्यानें हें ध्यानांत ठेवावें.

आणि सिडनीच्या त्या भाग्यवंतांनाहि काड्यांचे नियम आधीं ठाऊक होतेच. वीज फार तर पकड सैल करील. पण पकड सैल होण्यासाठीं मुठींत आधीं कांहीं असावें लागतें. तें मिळविण्याचा मार्ग मात्र अभ्यासाचाच आहे.