गव्हाच्या पेरात

१२ ऑगस्ट २००१, रविवार. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात मिल्क हिल नावाच्या टेकडीवर, कापणीला आलेल्या गव्हात, सकाळी एक अजस्र चक्र दिसलं. मध्यातून निघालेले सहा बाहू एकाच अंगाला वळत गेलेले. प्रत्येक बाहू म्हणजे आडव्या झोपवलेल्या गव्हाच्या वर्तुळांची माळ, आणि मोठ्या वर्तुळांच्या कडेला लहान, त्याहून लहान वर्तुळं लगडलेली. एकूण ४०९. या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे २४० मीटर.

काळोखाचे सहा तास धरले तर एका वर्तुळाच्या वाट्याला त्रेपन्न सेकंद येतात. हा हिशेब मांडून परग्रहवासीयांकडे बोट दाखवणारे पुष्कळ निघाले. पण दहा जण कामाला लागले तर प्रत्येकाला एका वर्तुळासाठी नऊ मिनिटं मिळतात, आणि त्यातली बहुतेक वर्तुळं अगदी छोटी. हिशेब एकदम माणसात येतो. तरीही अंधारात, उतारावर, दिवा न लावता ही आखणी चुकली कशी नाही, हा प्रश्न उरतोच, आणि मला त्याचं नवल उडत्या तबकड्यांपेक्षा जास्त वाटतं.

तो उन्हाळा तसाही विचित्र होता. वसंतात लाळ्या-खुरकूताच्या साथीने ब्रिटनच्या खेड्यांचं कंबरडं मोडलं होतं. साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली, रानातल्या पायवाटा बंद झाल्या, सार्वत्रिक निवडणूक महिनाभर पुढे गेली. आणि ऑगस्टमध्ये गव्हात चक्र! त्याच महिन्यात शेजारच्या हॅम्पशरमध्ये, चिलबोल्टनच्या रेडिओ दुर्बिणीला लागून असलेल्या शेतात, आधी एक मानवी चेहरा उमटला. जुन्या वर्तमानपत्रांतली छायाचित्रं लहानमोठ्या ठिपक्यांची असत, अगदी तसा. फक्त इथे ठिपका म्हणजे उभ्या ठेवलेल्या गव्हाचा झुबका. जमिनीवर उभं राहून पाहणाऱ्याला त्यात नाक-डोळे काही सापडणार नाहीत. मग काही दिवसांनी शेजारी एक लांबट आयत आला. १९७४ साली अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून माणसाने ताऱ्यांच्या एका गुच्छाकडे १,६७९ चिन्हांचा संदेश धाडला होता. हे त्याचं ‘उत्तर’! आपल्या मूलद्रव्यांत सिलिकॉनची भर, माणसाच्या जागी मोठ्या डोक्याची ठेंगणी आकृती. तो गुच्छ आहे पंचवीस हजार प्रकाशवर्षं दूर. उत्तर आलं सत्तावीस वर्षांत, तेही दुर्बिणीच्या दारात आणि गव्हावर लिहून. रेडिओ लहरी सोडून त्यांनी हा उपद्व्याप का केला असेल, हे त्यांनाच ठाऊक.

खरं तर या वर्तुळांचं गुपित दहा वर्षं आधीच फुटलं होतं. सप्टेंबर १९९१ मध्ये साउथहॅम्प्टनच्या डग बावर आणि डेव्ह चोर्ली या साठी ओलांडलेल्या दोघा मित्रांनी ‘टुडे’ या वर्तमानपत्राला सांगितलं, की १९७८ पासून हा उद्योग आम्ही करतोय. बावर काही वर्षं ऑस्ट्रेलियात राहिलेले. तिथे १९६६ मध्ये टली गावाजवळच्या पाणथळीत लव्हाळ्याचं गोल ‘तबकडीचं घरटं’ सापडल्याची बातमी गाजली होती, ती त्यांच्या डोक्यात बसलेली. साधनं काय, तर एक फळी, दोरी, आणि सरळ रेघ धरता यावी म्हणून टोपीला लटकवलेलं तारेचं कडं. पहिली दोन-तीन वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही, तेव्हा त्यांनी वरच्या रस्त्यावरून थेट नजरेत येणारी खोलगट शेतं निवडली. टेरेन्स मीडन नावाचे हवामानतज्ज्ञ ही वावटळीची करणी आहे असं मांडू लागल्यावर दोघांनी मुद्दाम सरळ रेघा काढल्या. वावटळ काही पट्टी घेऊन फिरत नाही. गाडीचे वाढते मैल पाहून बावर यांच्या बायकोला वेगळाच संशय आला, आणि शेवटी तिच्यापुढे त्यांना गव्हाची कबुली द्यावी लागली.

कबुलीनंतर प्रकार थांबायला हवा होता. उलट आकृत्या फुलल्या. नवी, तरुण, गणितात मुरलेली मंडळी आली. १९९६ मध्ये स्टोनहेंज या पुरातन शिळावर्तुळासमोर ज्युलिया संच नावाच्या गणिती आकृतीचं वळण उमटलं, १५१ वर्तुळांचं. २००८ मध्ये बार्बरी कॅसलपाशी एका आकृतीत π (पाय) या गणिती संख्येचे पहिले दहा अंक, शेवटचा पूर्णांकित करून, मांडलेले होते. दशांश चिन्हसुद्धा विसरले नव्हते.

यातलं बहुतेक विल्टशरमध्येच का? आकाशाकडे पाहणाऱ्यांनी जमीन नीट पाहिलीच नाही. तिथल्या टेकड्या खडूच्या. उतार लांब आणि मऊ, मध्ये झाडझाडोरा कमी, शेतं प्रचंड. रस्त्यावरून अख्खं शेत फळ्यासारखं समोर येतं. पिकात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आधीच असतात, फवारणीसाठी सोडलेल्या. त्यांतून चालत आत गेलं तर पिकात पाऊलवाट उमटत नाही, आणि दोन चाकोऱ्यांमधलं अंतर ठरलेलं असल्याने मोजपट्टीही आयती. एकाने मध्यात दोरी धरायची, दुसऱ्याने फिरायचं. त्रिज्या परिघावर बरोबर सहा वेळा बसते हे शाळेतल्या कंपासपेटीने आपल्यालाही शिकवलंय. मिल्क हिलच्या सहा बाहूंचं मूळ तिथेच असावं, असा माझा अंदाज.

पण सगळ्यात सुरस भाग गव्हाच्या काडीत आहे. वर्तुळांचा हंगाम वसंतात पिवळ्या रेपसीडपासून सुरू होतो, जूनमध्ये बार्लीत येतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये गव्हात भरात येतो. कोवळ्या पिकावरची आकृती काही दिवसांत विस्कटते, कारण झोपवलेली काडी पुन्हा उठते! वादळाने पीक लोळलं की चार दिवसांनी त्यातलं काही उभं होऊ लागतं, हे कुठलाही शेतकरी सांगेल. गव्हाच्या प्रत्येक पेरापाशी एक फुगीर कडं असतं. त्याच्या पेशींमध्ये पिष्टाचे जड कण असतात. काडी आडवी झाली की हे कण पेशीच्या नव्या तळाशी ओघळतात, आणि ‘खाली कुठे’ हे रोपाला कळतं. मग ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक खालच्या अंगाला साचतं, तिकडच्या पेशी लांबतात, वरच्या तशाच राहतात आणि पेर कोपरासारखं वर वळतं. डोळे नाहीत, मेंदू नाही. पिष्टाचा कण घरंगळला एवढ्यावर रोप उभं राहायला लागतं.

गंमत अशी, की वर्तुळांतल्या काड्यांची पेरं एका बाजूने लांबलेली आणि वाकलेली दिसतात, हाच अज्ञात शक्तीचा पुरावा म्हणून कित्येकदा पुढे केला गेला. पीक पिकून वाळलं की ही कडी मरतात, काडी पडली तिथेच राहते. म्हणून मोठे, बारकाव्यांचे डाव ऑगस्टसाठी राखलेले. शेतकऱ्याला मात्र तेव्हाच हातातोंडाशी आलेला घास तुडवला गेलेला दिसतो. कुणी बांधावर पैशाची पेटी ठेवतो, कुणी सरळ यंत्र घालून आकृती कापून टाकतो. मला दोघांचंही पटतं.

आणि गव्हात आपोआप उमटलेली वर्तुळंही याच विल्टशरमध्ये दिसली होती. डिसेंबर १९२५ मध्ये गिल्बर्ट इन्सॉल या वैमानिकाला स्टोनहेंजजवळच्या नांगरलेल्या शेतात विमानातून एक गोल आणि त्यात पांढरे डाग दिसले. पुढच्या जुलैत तिथला गहू वाढला, तेव्हा त्या पिकातच ठिपक्यांची एकात एक कडी उठून दिसली. ना फळी, ना दोरी. पूर्वी खणून पुन्हा भरलेल्या खड्ड्यात माती खोल असते, ओल टिकते, त्यावरचं रोप जोमाने वाढतं. भोवतीच्या उथळ, खडूच्या जमिनीवरचं मागे पडतं. मॉड कनिंग्टन यांनी तिथे उत्खनन केलं. सहा कड्यांत रचलेल्या लाकडी खांबांचे ते खड्डे निघाले, चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे. त्या जागेला वुडहेंज म्हणतात. खांब कधीच कुजून गेले होते, म्हणून प्रत्येक खड्ड्यावर काँक्रीटचा ठोकळा बसवलाय, आणि आता तिथे गहू पेरत नाहीत.